तुमच्यावर राज्य आहे

मी बनवलेल्या पहिल्या खेळातली पहिली मुलगी जमिनीतून खाली पडली. लॅपटॉपवर खेळ सुरू व्हायचा, सोसायटीचं पार्किंग दिसायचं, मधोमध फ्रॉकमधली ती मुलगी उभी असायची, आणि मी बटण दाबायच्या आत फरशीतून आरपार जाऊन खाली खाली पडत राहायची. जमीन नुसती चित्रात काढून भागत नाही, ती टणक आहे असं कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर आई गॅलरीतल्या शिलाई मशीनवरून उठून पाणी प्यायला आत आली की माझ्या खांद्यावरून डोकावायची आणि विचारायची, "पडतेच आहे का गं अजून?" तिच्या आवाजात थट्टा असायची, पण त्या मुलीचं तिला खरंच वाईटही वाटायचं. मला मात्र तो प्रश्न माझ्याबद्दलच आहे असं वाटे.

आम्ही बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आईने काचा लावून बंद करून घेतलेली गॅलरी. तिथे तिचं फॉल-पिकोचं काम चाले. सकाळी पोळ्या झाल्या की मशीन सुरू व्हायचं ते दुपारी चहाला थांबायचं, आणि त्या खर्रर्र आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की सुट्टीच्या दिवशी ते थांबलं की बाबा झोपेतून जागे होत. बाबा शाळेत गणित शिकवत. बोलणं मोजकं आणि तिरकं. परीक्षेच्या काळात दुसऱ्या शाळांमध्ये पर्यवेक्षक म्हणून गेले की तिथली मुलं त्यांना पाहूनच चिठ्ठ्या टाकून देत, असं त्यांचे सहकारी सांगायचे. बाबा ते ऐकून घ्यायचे आणि नाकारायचे नाहीत. शाळेतून आले की माझ्या मागच्या दिवाणावर पाय वर घेऊन बसायचे, पेपर उघडायचे आणि कोडं सोडवायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी बसलेली असे. ही आमची संध्याकाळ.

मी घरी का होते, ते सांगते. कॉलेज संपता संपता मला एका आयटी कंपनीत नोकरी मिळाली होती. आईने पेढे वाटले होते. मग कंपनीने रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली, आणि मग नुसतं "कळवू" असं कळवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच कथा होती. घरात सगळे त्या मेलची वाट पाहत होते. आई देवापुढे दिवा लावताना पाहायची, बाबा चहा पिताना विचारायचे, शेजारच्या काकू जिन्यात गाठून विचारायच्या. मीही वाट पाहत होते, फक्त उलटी. फोन वाजला आणि मेल दुसऱ्याच कुणाची निघाली की इतकं हायसं वाटायचं की मला स्वतःचीच लाज वाटे. कारण त्या रिकाम्या दिवसांत सहज म्हणून मी खेळ बनवायला घेतला होता, आणि आता तो मला सोडवत नव्हता. हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. नोकरी हातात असलेली मुलगी पार्किंगमध्ये पळणाऱ्या पोरांची चित्रं काढत बसते, हे मला तरी कुठे पटत होतं?

शिकवणारं कुणी नव्हतं. खेळ बनवण्यासाठी एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला इंजिन म्हणतात. ते उतरवून घेतलं आणि नेटवरचे व्हिडिओ बघत बसले. व्हिडिओतला मुलगा म्हणायचा, आता हे करा, बघा किती सोपं आहे. मी तेच करायचे आणि माझ्याकडे लाल अक्षरांची रांग लागायची. आज कधी नवखी मुलं माझ्याकडे येतात आणि सुरुवात कशी केलीत विचारतात, तेव्हा त्यांना काहीतरी धीराचं ऐकायचं असतं. धीर वगैरे काही नव्हता. भीती होती, सकाळी उठल्यापासून असायची, आणि काम करताना ती थोडी कमी व्हायची म्हणून मी काम करत होते.

खेळ डबा ऐसपैसचा होता. ज्याच्यावर राज्य असेल त्याने लांब फेकलेला डबा आणून गोलात ठेवायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. मग एकेकाला शोधून, त्याचं नाव घेऊन, डब्यावर हात आपटून "ऐसपैस" म्हणायचं. पण लपलेल्यांपैकी कुणी येऊन डबा उडवला की सगळे सुटतात आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलं आपापसांत शर्ट बदलून बसतात. शर्ट पाहून चुकीचं नाव घेतलं की "अंडं फुटलं!" असा ओरडा होतो आणि आणखी एकदा राज्य. मी लहानपणी पळण्यात मंद होते. आमच्या सोसायटीत राज्य माझ्यावर आलं की ते दिवेलागणीपर्यंत उतरत नसे, आणि शेवटी आयांनी जेवायला हाका मारल्या की माझी सुटका व्हायची. तोच खेळ मी केला. खेळणाऱ्याने आधी दारोदार फिरून पाच मुलांना खेळायला बोलवायचं, सगळ्यांनी हात पुढे करून चकायचं, खेळणारा हरतो, राज्य त्याच्यावर येतं, आणि मग पाचही जण सापडले की गॅलऱ्यांमधून हाका येतात. वरणभाताचा कुकर उतरेपर्यंत संपेल एवढाच तो खेळ. मला चित्रकला येत नव्हती, म्हणून सगळ्या मुलांचे चेहरे जवळपास सारखे होते आणि ती ओळखायची ती शर्टाच्या रंगावरून; लाल शर्टातला बंड्या. अंडं फुटायला ते फार सोयीचं पडलं.

आवाज घरातलेच घेतले. आईचं मशीन, जिन्यातल्या चपला, खालचा पाण्याचा पंप. शेवटच्या हाकेसाठी आईला फोनसमोर उभं केलं, तर ती लाजून एकदम आकाशवाणीसारखं बोलायला लागली. "बाळांनो, जेवायला या." आमच्या घरात बाळांनो असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी वैतागून नाद सोडला आणि फोन तिथेच चालू राहिला. तेवढ्यात आमटी उतू गेली, तशी ती खऱ्या आवाजात ओरडली, "अगं ये की आता, ताटं घेतलीयेत, गार होतंय सगळं!" तेच वापरलं. डब्याचा आवाज मात्र काही केल्या जमेना. स्टीलचा डबा टाकला की भांडी पडल्यासारखं वाटे. एका रविवारी बाबा कुठूनसा रंगाचा रिकामा डबा घेऊन आले, पार्किंगमध्ये गेले आणि तो भिंतीवर मारू लागले. मी फोन धरून उभी. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले. "सर, भंगाराचा धंदा सुरू केलात की काय?"

"अजून नाही," बाबा म्हणाले. "हिचं काय होतंय ते बघून ठरवू."

मी हसले, पण ते वाक्य मला रात्रंदिवस टोचत राहिलं.

आणि मग मेल आली. पुढच्या एक तारखेला हैदराबादला हजर व्हा, येत असल्याचं आठवड्याभरात कळवा. दुपारची वेळ होती, आईने भोपळ्याचे घारगे केले होते. मी मेल वाचून दाखवली. आईने तळण बंद केलं, हात पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझे डोळे भरून आले ते तिला आनंदाने आलेत असं वाटलं. संध्याकाळी बाबांनी कोडं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुला जायचंय का?" मला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणायचं धाडस होईना. मी म्हणाले, "खेळ थोडाच राहिलाय."

"तो किती चांगला, किती वाईट, मला कळत नाही," बाबा म्हणाले. "आईला कळत नाही. तुलाही कळत नाही, तुझं तोंडच सांगतंय. तेव्हा आपण परीक्षा घेऊ. एका तिऱ्हाईत माणसाने हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा. आम्ही नाही, तुझ्या मैत्रिणी नाहीत. आणि तू शेजारी उभी राहून सांगायचं नाहीस, की इथे दाब, तिथे जा. कॉपी चालणार नाही. असा एक निघाला, तर नोकरीचं काय करायचं ते तू ठरव. नाही निघाला, तर मुकाट्याने बॅग भरायची."

"एकच?" आईने विचारलं.

"एक पुरे. शेवटच्या तासाला एक पोरगं ऐकत असलं तरी मी शिकवतो."

त्याच आठवड्यात रविवारी कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये नवख्या गेम बनवणाऱ्यांचा मेळावा होता. प्रत्येकाला एक टेबल, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बसून खेळून पाहायचं. मी नाव दिलं होतं. आयोजकांनी कळवलं की येणारे सगळे मराठी नसतील, पडद्यावरच्या सूचना इंग्रजीतही ठेवा. शनिवारी दुपारी मी त्या बसल्या बैठकीला करून टाकल्या. 'आता तुझ्यावर राज्य' याचं इंग्रजी मी केलं, 'द किंगडम इज नाऊ युवर्स.' पूर्ण शुद्धीत, मशीनच्या आवाजात, पोटात घारगे असताना. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. राज्य म्हणजे काय हे मला चालता येऊ लागल्यापासून माहीत होतं. राज्य आलं की रडू येतं, हे जगात कुणाला ठाऊक नसेल, असा विचारही मनाला शिवला नाही.

रविवारी बाबा स्वतः बरोबर आले. "पर्यवेक्षक नको का?" म्हणाले. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं होतं. हॉलमध्ये माझं टेबल दाराजवळ होतं. डावीकडच्या टेबलावर राक्षस मरत होते आणि तिथे ही गर्दी. बाबांनी माझ्या मागे भिंतीशी खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. पहिले दोघे कॉलेजचे मुलगे आले, पार्किंगमध्ये जरा फिरले, "यात मारामारी नाही का?" विचारून उठले. मग एक मुलगी आली. तिला चित्रं आवडली असावीत, ती हसत हसत दोन दारांपर्यंत गेली, आणि तिला फोन आला. ती फोन कानाला लावून जी गेली ती आलीच नाही. मग एक गृहस्थ बसले, त्यांची पडद्यावरची मुलगी दुसऱ्याच जिन्याखाली जमिनीतून खाली पडली. तिथली जमीन टणक करायची माझ्याकडून राहून गेली होती. ते माझ्याकडे बघायला लागले. मी बाबांकडे बघितलं. बाबा कोड्यात. जेवणाची वेळ टळून गेली, डबा कुणी उघडला नाही. दुपार कलली. लोक वायरी गुंडाळायला लागले. मी मनातल्या मनात हैदराबादची बॅग भरत होते, कोणते कपडे, कोणती पुस्तकं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं सुखही होतं. एकदाचं संपेल म्हणून.

तेव्हा अंकित आला. तो लखनौचा, येरवड्याच्या बाजूला कुठल्यातरी ऑफिसात कामाला, गळ्यात हेडफोन. "अभी बंद तो नहीं किया ना?" म्हणत बसला. त्याला घाई नव्हती. तो पाचही दारांवर गेला, पाचही मुलांना घेऊन आला. हात पुढे आले, मुलं चकली, तो हरला, आणि पडद्यावर अक्षरं आली. द किंगडम इज नाऊ युवर्स.

तो खूश झाला. "अरे वा," म्हणाला, बटणांवरून हात काढले आणि खुर्चीत मागे रेलला. पडद्यावर पाचही मुलं पळाली आणि लपली. पार्किंग रिकामं. मधोमध त्याची ती मुलगी, आणि आईच्या मशीनचा आवाज. अंकित वाट बघत बसला. राज्य मिळालं म्हटल्यावर आता कुणीतरी मुजरा करायला येईल, असं त्याला वाटलं असावं. आणि तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय. तोंड उघडायची मला बंदी होती. एक शब्द बोलले तर तो तिऱ्हाईत राहणार नव्हता, न बोलले तर तो उठून जाणार होता. मी जीभ दातांखाली धरली. पाण्याच्या टाकीमागून एक मुलगा निघाला, आला, त्याने डबा उडवला आणि पळाला. पुन्हा तीच अक्षरं. राज्य पुन्हा त्यालाच. "फिर से जीत गया?" अंकित गोंधळून म्हणाला. हेडफोन सारखे केले. घड्याळाकडे पाहिलं. खुर्ची मागे सरकवायला टेबलाच्या कडेला हात लावला.

"अहो, बसलात काय! उठा की! तुमच्यावर राज्य आहे!"

आवाज बाबांचा होता. पेपर जमिनीवर पडला होता आणि बाबा उभे होते. अर्धा हॉल वळून बघत होता.

"जी, अंकल?" अंकित म्हणाला.

"राजा नहीं है आप," बाबा टेबलापाशी येत म्हणाले. त्यांचं हिंदी आयुष्यभर भाजीवाल्यांशीही धड जमलं नाही. "राज्य है। राज्य मतलब सजा। सब लोग भाग गया, अब आपको ढूंढना है। और वो डबा संभालो, डबा! वो टाकी के पीछेवाला फिर से आएगा।"

अंकितने त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि हसत हात पुन्हा बटणांवर ठेवले. मग मात्र बाबांना धरबंध राहिला नाही. "वहाँ नहीं, वहाँ जमीन कच्ची है, गिर जाएगी वो! इधर, स्कूटर के पीछे। आता लाल शर्ट दिसतोय ना, वो बंड्या नहीं है। शर्ट बदली किया है। नाम मत लेना, अंडा फूटेगा!"

मी बाबांकडे बघत राहिले. कोण कुठे लपतं, कोण कुणाशी शर्ट बदलतं, कुठल्या जिन्याखाली जमीन कच्ची राहिली आहे, त्यांना सगळं ठाऊक होतं. मी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझ्या मागे बसून ते कोडं सोडवतात. इतके महिने माझ्या पाठीवरून ते हेच बघत होते, आणि एका अक्षराने बोलले नव्हते. मग मी पुन्हा पडद्याकडे वळले, कारण अंकितला अजून दोन मुलं सापडायची होती.

ती सापडली. गॅलऱ्यांमधून हाका आल्या, शेवटची आईची. गार होतंय सगळं. अंकित ती संपेपर्यंत थांबला. "हमारे यहाँ इसको चोर बोलते थे," तो म्हणाला. "जिसकी बारी, वो चोर। आपने सीधा राजा बना दिया।"

"एकूण एकच," बाबा म्हणाले आणि त्याच्यापुढे पुऱ्यांचा डबा उघडला.

परत येताना मी स्कूटरवर बाबांच्या मागे लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून बसले होते. खेळ शेवटपर्यंत खेळला गेला होता. पण तो बाबांनी खेळवला होता. धरायचा की नाही? बाबांचा पाठमोरा शर्ट बघून काही कळत नव्हतं. सिग्नलला मी विचारलं, "बाबा, हे पास धरायचं का?" ते म्हणाले, "गाडी चालवताना बोलू नकोस." गाडी उभी होती. पुढचा सगळा रस्ता, गंमत म्हणजे, मला नापास व्हायचीच नव्हे, पास व्हायचीही भीती वाटत होती. नापास झाले असते तर सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं.

आई दारातच उभी होती. बोटात शिवणाचं टोपण तसंच. "झालं का?"

"नाही झालं," बाबा चपला काढत म्हणाले. "पेपर फुटला."

"अगं बाई. कुणी फोडला?"

"मी."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. हसावं की नाही ते तिला कळेना. "मग आता?"

"मग काय, फेरपरीक्षा. नियम आहे तो. आधी तिने ते इंग्रजी सुधारावं, जमीन पक्की करावी, मग घेऊ. महिने लागतील."

"आणि एक तारीख? त्या लोकांना काय कळवायचं?"

बाबा बेसिनवर हात धुवायला गेले. नळ सोडला. "ते तिला विचार," आतून म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. मी अजून दारातच होते, बॅग पोटाशी. गेले कित्येक महिने जे मला नको होतं ते आता कुणी लादत नव्हतं, आणि मला हवं ते कुणी देतही नव्हतं. ते मीच बोलायचं होतं. मी बोलले.

"काय?" आई म्हणाली. "मशीनवर बसून बसून कान गेलेत माझे. मोठ्याने बोल."

मग मी मोठ्याने म्हणाले, "मी नाही जाणार."